निळ्या हौदाची उत्तरपूजा

पाणी मी जन्मभर डोक्यावर वाहिलं. मालक लवकर गेले. मग माधव नगरात लोकांकडे पोळ्या लाटायच्या आणि घरी येताना हँडपंपावर नंबर लावायचा. रडायला सवड नव्हती, म्हणून रडले नाही. त्यामुळे नानाखेड्याच्या घराच्या अंगणात मुलानं एवढा मोठा हौद उभा केला, तेव्हा मला हसूच आलं.

हौद प्लास्टिकचा, निळा, लोखंडी पाइपांवर ताणलेला. खड्डा नाही, बांधकाम नाही, शिडी चढून आत उतरायचं. बाहेरदेशचा असा माल तेव्हा इंदूरच्या दुकानांत नवा नवा यायला लागला होता. नातीच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, रोज पाण्यात चालवा, नाहीतर पाय आखडेल, पोर लंगडत राहील. उन्हाळ्यात आमच्या बोरिंगला करंगळीएवढी धार. हौद भरता भरता आठवडा गेला.

भरला तशी मी पूजा केली. नवी विहीर असो की नवा माठ, पाण्याला हळदकुंकू वाहिल्याशिवाय आमच्यात वापरत नाहीत. नारळ फोडला. देवघरात शिप्रा नदीच्या पाण्याची लोटी होती, तीसुद्धा ओतली आत. इथंच घोटाळा झाला.

शेजारची भाभी भिंतीवरून बघत होती. "माँजी, शिप्रा मैया डाल दी? अब इसमें छोरी के पाँव मत पड़ने देना, पाप लगेगा!"

दुसऱ्या दिवशी एकादशी. नदी आटत आलेली, घाटावर नुसतं शेवाळ, आणि भाभीनं गल्लीभर सांगितलेलं. सकाळीच फाटकाशी बायका जमल्या, हातात लोटे. कुणाला डुबकी मारायची, कुणाला नुसतं डोळ्यांना लावायचं. एकीनं तर शिडीत अगरबत्ती खोचली. नात काठी घेऊन ओट्यावर बसलेली. "आजी, माझा नंबर कधी?"

तेवढ्यात निगमवाले, म्हणजे महापालिकेचे, एक साहेब स्कूटरवरून आले. गर्दी बघून थांबले. "अम्माजी, ये घर का हौद है कि तीरथ?"

माणूस वाईट नव्हता. नीट समजावून सांगितलं त्यानं. घरच्यापुरता असेल तर राहू दे, पण चारी बाजूंनी जाळी हवी, जाळीच्या दाराला वर कडी हवी. काम झालं की शिडी काढून ठेवायची, हौदावर झाकण घालायचं. पोर पाण्यात असताना मोठं माणूस सोबत पाहिजे. आणि सगळ्या मोहल्ल्यानं अंघोळ करायची असेल तर परवानगी काढा, तोवर रिकामा करा. "पूनम को फिर आऊँगा. भीड़ दिखी तो खाली करवा दूँगा."

रिकामा झाला असता तर पावसाळ्यापर्यंत परत भरला नसता. पोरीचा पाय काय तोवर थांबणार होता?

जाळी, कडी, झाकण मुलानं करून टाकलं. ते सोपं. पण बायकांना हाकलू कशी? देवाच्या पाण्याला कडी लावू कशी? पोळ्या लाटताना गणपती आठवला. उत्तरपूजा झाली की आपण मूर्ती हलवतो ना? मग?

पुनवेला सगळ्या जमल्या. त्यांच्यासमोरच हौदाला दहीसाखरेचा नैवेद्य दाखवला, अक्षता वाहिल्या. "माते, घरी जा, परत ये," म्हटलं. एक लोटी भरून मुलाच्या हाती दिली, नदीत सोडायला.

"झालं. आता हे बोरिंगचं पाणी."

भाभी म्हणाली, "ऐसे कैसे चली गई मैया?"

"गणपती जाते वैसे. उनको तो इतने लड्डू खिलाते, फिर भी रुकते हैं क्या?"

सगळ्या हसल्या. भाभी पण. "तो अब पाँव चलेंगे?"

"पाँव भी, घुटने भी. पर सिर्फ छोरी के!"

लोटे घेऊन बायका गेल्या. मुलगा नदीवर, सून शाळेत शिकवायला गेलेली. पोर पाण्यात जायला उतावीळ, आणि मोठं माणूस म्हणजे घरात मीच. लुगड्याचा काचा घट्ट मारला आणि उतरले.

साहेब आले तेव्हा आम्ही दोघी आतच. त्यांनी जाळी हलवून बघितली, कडी लावून बघितली. मग म्हणाले, "अम्माजी, बच्ची को पकड़ के रखना."

नात म्हणाली, "अंकल, दादी डरती है. मैंने पकड़ा है उनको."

खोटं नव्हतं ते. कमरेएवढ्या पाण्यात मी जन्मात कधी उतरले नव्हते. काठी ओट्यावर पडलेली, पोर पुढं पुढं चालत होती, आणि मी तिचा हात धरून मागं.