लाल दाण्यांची बाटली

आज सकाळी दहा वाजता, मुकुटबनजवळच्या आमच्या शेतात घडलेली गोष्ट. मित्रांनो, मी चुकलो का, ते तुम्हीच सांगा.

गेल्या आठवड्यात एका संशोधक मॅडमनी आमच्या विहिरीच्या खोदकामातून निघालेला, लाल दाण्यांचा एक दगड त्यांच्यासाठी जपून ठेवायला सांगितला होता. काका म्हणाले, "उगाच दगड कोनी कायले नेईन बे? मानकं असतीन त्यात." मलाही ती माणकेच वाटली. मी खिळ्याने दाणे उकरून बाटलीत भरले.

आज मॅडम आल्या आणि उकरलेला दगड पाहून कळवळल्या. "अरे दादा, हे माणिक नव्हे, गार्नेट नावाचे खनिज. दाणा वाढताना त्याच्या मध्यात आणि कडेला वेगवेगळी द्रव्ये साठतात. त्यावरून, आणि त्याला चिकटलेल्या खनिजांवरून, हा दगड जमिनीत किती खोल गेला, किती तापला, ते कळते. तू त्यांचा शेजारच तोडलास."

मी बाटली पुढे केली.

"ठेव तुझ्याजवळ."

खिळ्याला दाद न दिलेला एकच दाणा दगडात उरला होता. तेवढा तुकडा त्यांनी रुमालात गुंडाळून नेला.

काका खूश आहेत. बाटलीभर दाणे आमच्याकडेच राहिले. मग खरा माल मॅडमच घेऊन गेल्या, असे मला का वाटते?