अण्णा बोलेनात, सुभेदारांना बोलवा

माझ्या वडिलांनी मला शत्रू ठरवलं, त्याला या दिवाळीत वर्ष होईल.

झालं असं, की अण्णा हल्ली विसरायला लागले होते. कडेगावच्या बाजारातून येताना एकदा ते शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसले आणि चहा मागितला. (शेजारणीने दिला. घरच्यापेक्षा बरा होता, असं त्यांनी आल्यावर माझ्या बायकोला सांगितलंही.) डॉक्टर म्हणाले, जुनं अजून शाबूत आहे, पण किती दिवस ते सांगता येत नाही, काय विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या. अण्णा एकाहत्तरच्या लढाईत पंजाबच्या सीमेवर होते. आणि मी, सांगलीच्या शाळेत पंचवीस वर्षं इतिहास शिकवणारा त्यांचा मुलगा, त्या लढाईबद्दल पाठ्यपुस्तकात होतं तेवढंच जाणून होतो!

एका रविवारी मी त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं, समोर मोबाइल उभा केला, वहीत लिहून आणलेले चाळीस प्रश्न उघडले आणि भारदस्त आवाजात पहिला प्रश्न विचारला. अण्णांनी मोबाइलकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि ते ताठ झाले. नंबर सांगितला, रँक सांगितली, नाव सांगितलं आणि तोंड मिटलं.

प्रश्न दुसरा. नंबर, रँक, नाव. प्रश्न तिसरा. तेच. शत्रूच्या हाती सापडलं आणि त्याने समोर बसवून चौकशी केली, तर एवढंच बोलायचं, हे त्यांना विशीत शिकवलेलं होतं, आणि विसरण्याच्या यादीत नेमकं तेवढंच नव्हतं. मी काकुळतीला आलो.

"अण्णा, मी तुमचा मुलगा हाय."

"समदे असंच म्हणत्यात," अण्णा म्हणाले.

मग मी पुरणपोळीचा घाट घातला. पाच पोळ्या दुधातुपात खाल्ल्यावर त्यांनी ढेकर दिली आणि नंबर सांगितला. शेवटी बायकोनेच मार्ग काढला. आमच्या भागात पेन्शनीत निघालेला फौजीसुद्धा वरच्या हुद्द्याचा माणूस चहाच्या टपरीवर दिसला, की हातातला कप खाली ठेवून पाय जुळवतो. तेव्हा कुणीतरी वरचा आणा, ती म्हणाली. अण्णांच्या वरचे हयात असलेले एकच, शिराळ्याचे मुल्ला सुभेदार. लढाईत ते नाईक होते, अण्णा साधे शिपाई. मी गाडी काढली आणि पंच्याऐंशी वर्षांच्या त्या लंगड्या म्हाताऱ्याला घेऊन आलो.

सुभेदारांनी काठी टेकली आणि म्हणाले, "बोल गड्या. माझा हुकूम हाय."

"व्हय साब," म्हणून अण्णा उभे राहिले आणि चालू मोबाइलसमोरच बोलू लागले.

संध्याकाळची वेळ. तोफेचा गोळा पडला आणि मुल्ला नाइकांचा पाय गेल्यात जमा झाला. बाकीची तुकडी मागे हटलेली. अण्णांनी नाइकांना पाठीवर घेतलं आणि उभ्या उसात शिरले. बांधावर शत्रू उभा होता, इतका जवळ की त्याचं खोकणं ऐकू येत होतं.

"उसात माणूस शिरला की पाला वाजतोय," अण्णा म्हणाले. "म्या उसातच वाढल्याला. वारा आला की चालायचं, वारा पडला की हुबं ऱ्हायाचं."

दोन फर्लांग तोडायला तीन तास लागले. सुभेदार इतका वेळ खाली बघत होते. ते म्हणाले, "एकदा वारा पडला तो पडलाच. ह्यो इतका येळ हुबा, मला वाटलं हुब्या हुब्या मेला. मग ह्याच्या पाठीला कान लावला. काळीज वाजत हुतं."

मी वही मिटली. माझ्या चाळीस प्रश्नांत उसाचा एकही नव्हता. ज्या पाठीवर बसून मी लहानपणी जत्रा पाहिली, तिच्यावरून एक माणूस जिवंत परत आला होता, आणि मला ते पन्नाशी जवळ आल्यावर कळत होतं. मला रडू आवरेना. मला कधीच का नाही सांगितलंत, असं विचारल्यावर अण्णा म्हणाले, की तू तारखा इचारतोस, मला वारा ठाऊक.

सुभेदार मुक्कामाला राहिले. सकाळी माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे! पन्नास किलो खताचं पोतं पाठीवर घेऊन मी आमच्या उसात शिरलो. बायकोला मोबाइल घेऊन बांधावर उभं केलं. (पुढच्या पिढीला प्रात्यक्षिक नको का?) वारा आला, मी चाललो. वारा पडला, तरी मी चाललो, कारण पोतं मला थांबू देत नव्हतं! अकराव्या पावलाला सरीत पाय गेला, पाल्याने कान कापला आणि पोत्याखालून मी ठोकलेली बोंब पार रस्त्यापर्यंत गेली.

बांधावर दोघे म्हातारे शेजारी शेजारी बसले होते. अण्णा शांतपणे म्हणाले, "साब, तवा तुमी माझ्या पाठीवर हुता म्हणून बरं. ह्याच्या पाठीवर असता, तर आज पाकिस्तानात असता."

अण्णांची लढाई आता कायमची जपली गेली आहे. चांगली अर्ध्या तासाची आहे. मी ती सगळ्या नातेवाइकांना पाठवली, आणि त्यातलं हे शेवटचं वाक्य तेवढं सगळ्यांना पाठ आहे.