तुळईजवळचा नारळ

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि कुणी विसरा म्हणालं म्हणून विसरणारही नाही.

गिरगावातल्या एका गल्लीत पाच घरांची ओळ आहे. इंग्रजी कचेरीत कारकुनी करून नारळाची वाडी राखणाऱ्या एका गृहस्थाने पाच मुलांसाठी ती बांधली. पाच दारं, पाच ओटे, सागवानी सज्जे, रंगीत काचा. पण मधल्या भिंती सामाईक. लग्नकार्यात पाट-भांडी इकडून तिकडे नेता यावीत म्हणून माळ्यावर त्या भिंतींत छोटी दारं ठेवलेली. पुढे भावाभावांत अबोला झाला, तरी ती दारं कुणी बुजवली नाहीत.

मी तिथल्या पोलीस ठाण्यात अधिकारी होतो तेव्हा चार घरांनी टॉवरसाठी विकासकाला सह्या देऊन टाकल्या होत्या. उरलं होतं मधलं घर, आणि त्याच्या सहीशिवाय ओळ पाडता येत नव्हती. तिथे एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणे. एका सोमवारी भरदुपारी त्यांच्या दिवाणखान्याचं छत खचलं. बाई स्वयंपाकघरात होत्या म्हणून वाचल्या. दुसऱ्याच दिवशी दारावर पालिकेची नोटीस लागली: इमारत धोकादायक, सात दिवसांत रिकामी करा.

नोटीस घेऊन त्या ठाण्यात आल्या. ठाणे अंमलदाराने त्यांना पालिकेत जायला सांगितलं. त्या हलल्या नाहीत.

"घर म्हातारं झालंय, मीही झालेय," त्या मला म्हणाल्या. "म्हणून मला कुणी पाडायला येत नाही. तुम्ही आधी माळा बघा, मग तक्रार घ्यायची की नाही ते ठरवा."

खरं सांगतो, मला असल्या घरांचा फार जिव्हाळा नव्हता. मी लालबागच्या चाळीतला, वडील गिरणीत. गिरणी गेली तेव्हा वडिलांची सही मागायलासुद्धा कुणी आलं नाही. ही बाई निदान 'नाही' म्हणू शकत होती आणि ठासून म्हणत होती. मला ते आवडलं. डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि माळ्यावर चढलो.

छताची मुख्य तुळई अर्ध्याहून जास्त कापलेली होती. काप सरळ, भुसा ताजा. आणि तिथेच कोपऱ्यात दोन विड्याची पानं, वर सुपारी, शेजारी एक नारळ.

"साहेब, करणी दिसतेय," माझा हवालदार दोन पावलं मागे सरला. तो देशावरचा.

"करणी नाही. गाऱ्हाणं आहे," मी म्हणालो. आमच्या कोकणात घराच्या लाकडाला हात लावण्याआधी नारळ-विडा ठेवून देवाला आणि वास्तूला सांगतात, सांभाळून घे म्हणतात. माझ्या आजोबांनी गोठा पाडतानाही ठेवला होता. पंचनाम्यात नारळ लिहून घेतला, तेव्हा पंच हसले. मी हसलो नाही. कापणारा माणूस कोकणातला, लाकडात मुरलेला, आणि या घराला घाबरणारा होता, एवढं त्या नारळाने सांगितलं होतं.

समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात बाईंच्या दारातून कुणी परका आत गेलेला दिसेना. खबर मिळाली ती गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या कोळणीकडून.

"या घरांचा जुना सुतारमेस्त्री रविवारी शेवटच्या बंद घरात गेला ना," ती म्हणाली. "वीस वर्षं माझ्याकडनं बांगडे नेतोय, भाव केल्याशिवाय पुढे जात नाय. त्या दिवशी मान खाली घालून गेला."

शेवटच्या घरातून माळ्यावर, आणि त्या छोट्या दारांतून मधल्या घरावर. या दारांची माहिती घरच्यांना आणि मेस्त्रीलाच.

मेस्त्री घोडपदेवला एका खोलीत सात माणसांत राहत होता. त्याचा बापही याच पाच घरांची डागडुजी करायचा. ठाण्यात आणल्यावर दोन तास तो एकच पालुपद लावून बसला: "माका काय म्हायत नाय." हवालदाराने आवाज चढवून बघितला, उपयोग झाला नाही. मी हवालदाराला बाहेर पाठवलं, नारळ टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मेस्त्रीनू, गाऱ्हाण्यात काय सांगलात?"

त्याने नारळ दोन्ही हातांनी जवळ घेतला. मग रडायलाच लागला. "सांगलंय, माका माफ कर. बाई घरात नसताना पड. पोराक टॉवरात खोली देतंव म्हणान बिल्डरच्या माणसान सांगल्यान, सायबानू."

बाई घरात नसताना पड. हे मागणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. "जुनं लाकूड आहे. वाळवी लागली असं लिहा आणि फाइल बंद करा."

"सर, वाळवी करवत वापरत नाही," मी म्हणालो, आणि फोन ठेवून गुन्हा दाखल केला.

मेस्त्रीने दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला. विकासकाच्या सुपरवायझरला अटक झाली. विकासक मात्र सुटला, त्याची चीड आजही आहे. नोटीस मागे घेतली गेली. त्याच महिन्यात माझ्या बदलीचा आदेश आला. मी तो सही करून घेतला आणि जेवायला गेलो.

आरोपीला 'काय केलंस' हे सगळेच विचारतात. करण्याआधी तो कुणाची माफी मागून आला, हे मी त्यानंतर प्रत्येक तपासात शोधलं. आणि वरून आलेला फोन खाली ठेवता येतो, हेही शिकलो. हात मोडत नाही.

जामिनावर सुटल्यावर मेस्त्री बाईंच्या ओट्याशी जाऊन उभा राहिला होता. बाईंनी त्याला बसवलं नाही की हाकललं नाही. "वर जा आणि तुळई सांधून द्या," त्या म्हणाल्या. "या वेळी आधी मला विचारा, मग घराला."

निवृत्त झालो त्या आठवड्यात मी त्या गल्लीत गेलो. पाचही दारं जागेवर होती. बाईंनी चहा टाकला आणि दिवाणखान्यात एक खुर्ची मांडली, बरोबर त्या तुळईखाली.

"बसा," त्या म्हणाल्या. "की तुम्हालाही धोकादायक वाटतं?"

मी बसलो.