लाडूनं नको म्हटलेला गिअरबॉक्स

लाडू माझा धाकटा भाऊ. मला आक्का म्हनायचा. तापट व्हता, ते मी लपवत न्हाई. जीपच्या स्टँडवर त्याच्या हातचा मार न खाल्लेला ड्रायव्हर आमच्या जोयड्यात शोधावा लागंल. पन बाळंतीन बाई न्यायची म्हटली की त्यालाच बोलवायचे. आमच्या उतारावरनं अशी न्यायचा की बाईला धक्का कळायचा न्हाई.

वासूची जीपबी त्याच वाटेवर चालायची. दोघांचं पॅसेंजरवरनं कायम वाजायचं. एकदा वासूनं लाडूच्या जीपची काच फोडली. लाडूनं त्याला स्टँडवरच्या गटारात बुडवला.

गेल्या उन्हाळ्यात दोघांच्याबी गाड्यांचे गिअरबॉक्स गेले. आमच्या हिकडं हँडब्रेक कुनाचा चालत न्हाई. गाडी उतारावर लावायची, पहिला गिअर टाकायचा, चाकाखाली दगड ठेवायचा. म्हनून गिअर धरून ऱ्हायला पायजे.

बेळगावात जुन्या गाड्या फोडतात तिथं लाडू गेला. संगं रामनगरचा महेश व्हता. हे सगळं त्यानंच मला सांगितलं. तिथं ह्या जीपला बसनारे दोनच बॉक्स व्हते. एक नवा रंग मारलेला, एक चिखलानं माखलेला. लाडूनं दोन्हीचं ऑइल बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला. रंगवाल्याच्या ऑइलात पिवळा चुरा चमकत व्हता. मग पहिला गिअर टाकला, पुढचा शाफ्ट दोघांना धरायला लावला, आन मागच्याला पाईप पाना लावून मागं-पुढं झटके दिले. रंगवाला खाटकन सुटला. चिखलाचा हालला न्हाई. लाडूनं चिखलाचा उचलला.

तेवढ्यात वासू आला. त्याला रंगवालाच उरला. लाडू त्याला म्हनला, "वासू, ह्यो घिऊ नको. उतारावर गिअर सोडतोय."

"सोताला चांगला घिऊन मला भ्या घालतोस व्हय रे?"

"मानसं मारशील."

वासूनं तिथलाच पाना उचलून लाडूच्या कानावर घातला. अर्धा कान लोंबला. लाडूनं त्याचं मुंडकं धरून इंजिनावर आपटलं, दात पाडले. दुकानवाल्याच्या मानसांनी दोघांना ओढून काढलं. वासूनं रगत थुकलं आन रंगवालाच घेतला. हट्टानं.

पावसाळा गेला, भात आलं. सुगीत एक दिस वासूची जीप उतारावर उभी व्हती. वासू चहाला गेल्ता. त्याची म्हातारी आई, इंदुबाई, मागं बसलेली. मानसं टपावर भाताची पोती फेकत व्हती, गाडी हादरत व्हती. एकाएकी दगडावरनं चाक उडालं आन जीप सुटली.

खाली लाडू व्हता. त्याला बाजूला व्हता आलं असतं. त्यानं बांधावरचा चिरा उचलला आन चाकाखाली घालाय धावला. चिरा बसला, पन जीप तिरकी झाली आन लाडूला भिंतीवर चेचलं. इंदुबाईला खरचटलंबी न्हाई. मी पोचले तवा त्याची छाती न्हवतीच. तोंड तेवढं व्हतं, त्यावरनं वळखला.

जीपमधी बघितलं तर गिअर मोकळा. म्हादू, आमचा चुलतभाऊ, म्हनाला, खाली लाडू बघून वासूनं मुद्दामच गिअर काढून ठेवला. वासूला फनसाला बांधला. चुलतभावांनी त्याला लाथांनी तुडवला. बरगड्या मोडल्या नुसत्या. तो एकच म्हनत व्हता, "म्या गिअर टाकल्ता." म्हादूनं कोयता आनला. लाडूची बायको रेश्मा म्हनाली, मार. माझंबी मन तेच म्हनत व्हतं.

पन मला महेशनं सांगितलेलं आठीवलं. मी म्हटलं, "थांब. जीपला पहिला गिअर टाका आन हलवा."

महेश गर्दीतच व्हता, त्यानं गिअर टाकला. आठ-दहा जनांनी जीपला हात लावून गदागदा हलवली. गिअर धरून ऱ्हायला. म्हादू वासूच्या मानंजवळ कोयता घिऊन उभा. वासूनं डोळे मिटले. अजून हलवा म्हटलं. गडी घामाघूम झाले. मग खाट्टकन दांडा आपल्या आपन सुटला. कुनी त्याला हात लावला न्हवता.

म्हादूनं कोयता मानंवरनं खाली घेतला. वासू रडाय लागला. "बघा. म्या सोडला न्हवता."

"लाडूनं तुला सांगितलं व्हतं," मी म्हटलं.



लाडूच्या जीपमधनं मी पाना काढला. वासूचा डावा हात, गिअर टाकतो तो, फनसाच्या बुंध्यावर धरला आन हानला. हाडं मोडल्याली ऐकू आली. इंदुबाई बघत व्हती. ती मधी पडली न्हाई.

मग म्हादूला सांगितलं, सोड ह्याला. म्हादू सोडंना, तवा दोर मीच कापला, त्याच्याच कोयत्यानं.