नामादादाचे पाय

नामादादा गेल्याचा निरोप वाशिंदला, माझ्या सासरी, शेजारच्यांच्या फोनवर आला. लघवीतला संसर्ग रक्तात भिनला होता. टोकावड्याला माहेरी पोचले, तर आई त्याच्या पायांशी बसलेली... रडतही नव्हती.

माझा हा थोरला भाऊ भातरोपाची जागा भाजायला लागणाऱ्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायला झाडावर चढला आणि पाठीवर आदळला. तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. कल्याणच्या डॉक्टरांनी दादाला आणि मला समजावलं, मणका मोडून आतला मज्जारज्जू चिरडलाय. पायांचा निरोप मेंदूपर्यंत जाणार नाही, मेंदूचा हुकूम पायांत उतरणार नाही. पुढे पाय आपोआप झटकतील, तेव्हा भुलू नका.

झालंही तसंच. एक दिवस पाय ताडकन उडाला आणि आई अंगणात धावली, "जीव आला गो पायात!" मी तोंड उघडणार, तर दादाने डोळे वटारले. मागाहून म्हणाला, "तिला काय सांगू नको."

मग रोज दिवेलागणीला आई करंजेल कोमट करून त्याचे गार पडलेले पाय चोळायची. "कळतंय का रे?" "कळतंय." लबाड! तिचा हात कुठे आहे ते बघून बोलायचा. एकदा थंडीत शेकोटीशी बसलेला असताना म्हणाला, "काय जळतंय गो?" जळत होती त्याचीच टाच. आई आत गेल्यावर मी त्याच्याशी भांडले, किती दिवस हे सोंग? तो म्हणाला, "मंग तिनं संध्याकाळचं काय करावं?"

परवा, तो गेल्याला दीड महिना झाल्यावर, माहेरी गेले. दिवेलागणीला आई तेलाची वाटी घेऊन रिकाम्या खाटेशी बसलेली. मला राहवेना. म्हटलं, "आई, त्याला काहीच कळत नव्हतं गो."

"ठाव हाय मला. टाच भाजली त्या सांजेला पायांवर गोधडी टाकली, हात नाय लावला, आन् इचारलं. म्हनला, कळतंय."

"मग इतकी वर्षं चोळत का राहिलीस?"

"त्याला नसंल कळत. माज्या हातांना तर त्याचे पाय कळत व्हते ना?"

आईला पाय लावू नये म्हणतात. तरी मी माझे पाय तिच्या पुढ्यात केले. तिने तेलाचा हात एकदा फिरवला.

"तुजे गरम हायत गो," म्हणाली, आणि हात काढून घेतला.