जवसाचं पोटीस

दर सोमवारी प्रार्थना झाली की मी पोरांना ओळीत उभं करून दात दाखवायला लावायचो. कळंबच्या पुढे आडबाजूच्या एका गावात मी प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. महाराष्ट्र होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि माझ्या मास्तरकीलाही तेवढंच. ज्यांनी कडुलिंबाची काडी चावली नसेल त्यांचे कान पिळायचो आणि दाढ दुखली तर लपवू नका, घरी सांगा, असं घसा फोडून सांगायचो. त्याच दिवसांत माझी सख्खी धाकटी बहीण डाव्या गालाला हात लावून जेवत होती आणि मला ते दिसत होतं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

ती सतरा वर्षांची. खालची डावी दाढ किडली होती. आधी गार पाण्याने कळ यायची, मग गुळाचा खडा तोंडात टाकला तरी. मायने लवंग धरायला लावली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, शेजारणीने सांगितलं म्हणून तंबाखूची चिमूट दाढेत दाबून झाली, तिने तर नुसती ओकारीच आली. लवंगेने कळ थांबायची, दोन दिवस बरे जायचे आणि आम्ही समजायचो, गेलं दुखणं. ते आत उतरत होतं. महिनाभराने बाजाराच्या दिवशी दातातली कीड काढणारी बाई आली, तिला माय घरी घेऊन आली. बाईने भुईरिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकलं, नळीने धूर बहिणीच्या तोंडात सोडला आणि थाळीतल्या पाण्यात पांढरे किडे पडलेले दाखवले. ते किडे नसतात, बियांतूनच निघतात, हे मी वाचलेलं होतं. तरी बोललो नाही. मायला बरं वाटत होतं, आणि ते प्रकरण तिथेच मिटावं असं मलाही वाटत होतं.

त्याला कारण होतं. उमरखेडकडच्या एका घराशी आमची सोयरीक चालली होती, तीही साटंलोटं. त्यांचा मुलगा माझ्या बहिणीला, त्यांची मुलगी मला. त्या मुलीला मी एका लग्नात पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. बोलणी मोठ्या माणसांत चालली होती, मी मात्र मनातल्या मनात मांडव घालून मोकळा झालो होतो. त्या घरच्या बायका शुक्रवारी बहिणीला पाहायला येणार होत्या. ती पसंत पडली तरच माझंही जमणार होतं.

सोमवारी सकाळी ती उठली तेव्हा गाल सुजला होता. जबड्याखाली लिंबाएवढी कडक गाठ आली होती.

बाबा म्हणाले, "यवतमाळले ने तिले. मोठ्या दवाखान्यात दाताचा डॉक्टर बसते."

"तो दाढ उपटन," मी म्हणालो. "तोंड आणखी सुजन. शुक्रवारी त्या बाया आल्यावर काय सांगता?"

"दाढ मागची हाय. कोणाले दिसते?"

"बाबा, त्या बाया पोरीचे दात मोजतेत. चार दिवस थांबा. मी करतो काही."

बाबा शाळेत गेलेले नव्हते. मास्तर झालेल्या पोरापुढे ते हल्ली फार ताणून धरत नसत, उठून बाहेर गेले. बहीण चुलीपाशी बसून ऐकत होती. "दादा, लय ठणकून राह्यलं," एवढंच म्हणाली. शनिवारी पहिल्या बसने नेतो, असं मी तिला सांगितलं.

आमच्याकडे गळवाला जवसाचं पोटीस बांधतात. पायाला येवो, पाठीला येवो, जवस कुटून शिजवायचं, फडक्यात घालायचं आणि सोसवेल तेवढं गरम बांधायचं. गळू पिकतं, त्याला तोंड पडतं, निचरा होतो आणि माणूस कामाला लागतो. गालावरची गाठ म्हणजे गळूच की, असं मी धरून चाललो. मायवर सोपवलं नाही, स्वतः बांधलं, दिवसातून तीनदा, शाळेच्या मधल्या सुट्टीत घरी येऊनसुद्धा. शेजारीपाजारी म्हणायचे, भावाला बहिणीची केवढी काळजी. पोटीस टेकवलं की ती डोळे मिटून माझं मनगट घट्ट धरायची. गाठ मऊ पडत चालली तसा मी खूश होत होतो.

शुक्रवारी पाहुण्या आल्या. मी तिला डावा गाल भिंतीकडे येईल अशी बसवली आणि पदर गालावरून घ्यायला सांगितला. पोरगी लाजते आहे असं त्यांना वाटलं. सुपारी दिली ती तिने उजव्या बाजूने चावली. वाचायला लावलं तेव्हा तिचं तोंड पुरतं उघडत नव्हतं, तरी अर्धं पान वाचून दाखवलं. पोलकं घामाने भिजून पाठीला चिकटलं होतं. पाहुण्यांना ती पसंत पडली. त्यांची बैलबंडी दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यावर उभा होतो.

शनिवारी उजाडता उजाडता गाठ फुटली, पण तोंडात नाही. जबड्याच्या हाडाखाली कातडी फाटली आणि पू मानेवर ओघळला. अंगात सणकून ताप, दात एकमेकांपासून सुटेनात, थुंकी गिळतानाही ती कळवळत होती. तेव्हा कुठे आम्ही यवतमाळच्या बसमध्ये बसलो.

डॉक्टर वयस्कर होते, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी जखम पुसली आणि विचारलं, "बाहेरून काय लावलं होतं?"

"जवस," मी म्हणालो. "गरम."

"कुणी बांधलं?"

बहीण मिटल्या दातांतून म्हणाली, "म्याच बांधलं जी."

डॉक्टर तिच्यावर रागावले. दाढेच्या मुळाशी साचलेला पू तोंडाच्या आतूनच काढायचा असतो, बाहेरून शेक दिला तर तो कातडीकडे येऊ शकतो, असं त्यांनी तिला समजावलं. मिठाच्या कोमट गुळण्या चालतात, गालावर गार पाण्याची घडी चालते, गरम काही नाही. "गार पाण्यानं कळ यायची तेव्हाच आली असतीस तर कदाचित दाढसुद्धा राहिली असती. आणि गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, की उद्यावर टाकायचं नाही. गिळता येईना म्हणजे जिवावरचं असतं. ही सूज गळ्यात उतरली असती तर श्वास कोंडला असता, समजलं?" ती मान हलवत होती. मी शेजारी उभा राहून सगळं ऐकलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. एवढा भित्रा मी आयुष्यात पुन्हा कधी झालो नाही, म्हणजे तशी वेळच आली नाही.

पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली, दाढ काढली, आठ दिवसांनी ती घरी आली. जीव वाचला. जबड्याखालची कातडी मात्र आत ओढली जाऊन हाडाला चिकटली आणि तिथे खड्डा राहिला. हसली की तो आणखी खोल दिसायचा.

उमरखेडला बातमी पोचायला वेळ लागला नाही. मध्यस्थ निरोप घेऊन आला, "पोरीच्या गालाले भोक हाय म्हणतेत. पोरगा नाही म्हणते." पण त्यांच्या मुलीचं वय वाढत होतं आणि मास्तर जावई त्यांना सोडवत नव्हता. तुमची मुलगी राहू द्या, आमची घ्या, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाबांनी साफ सांगितलं, "ज्या घरानं माही लेक नाकारली तिथली सून मले नको." यावेळी ते माझ्यापुढे नमले नाहीत. मी दोन दिवस जेवलो नाही. शेवटी बहिणीनेच बाबांची समजूत घातली. माझ्याकडून नुसतं हो यायचं बाकी होतं, ते मी लगेच दिलं.

लग्न झालं. माझ्या बायकोचा यात काडीचाही दोष नाही, तिला तर पोटिसाचं पुढे कितीतरी वर्षांनी मी सांगितलं. बहीण त्यानंतर चार वर्षं आमच्याच घरात होती. मग एका बिजवराशी तिचं लागलं.

त्या चार वर्षांतल्या एका सकाळी चूळ भरताना बायकोच्या दाढेत कळ आली. सूज नाही, ताप नाही, नुसती कळ. मी लगेच सुट्टीचा अर्ज खरडला आणि म्हणालो, चल यवतमाळला, असलं अंगावर काढायचं नसतं. शहाणपण आल्याचा अभिमानच वाटत होता मला. बहिणीने आमच्यासाठी भाकरी बांधली आणि वहिनीला चावायला नको म्हणून वेगळा मऊ भात दिला. दारात डबा माझ्या हातात देताना ती म्हणाली, रागाने नाही, अगदी मनापासून, "बरं केलं दादा. वहिनीले पह्यल्याच दिवशी नेऊन राह्यला."

मी वहाणा घालायला खाली वाकलो. बस चुकेल म्हणून बायको रस्त्यावरून हाका मारत होती, तरी मला वर बघता येईना.