मामांचं नाक

मामा आधी उजवा हात वर करायचे. मग म्हणायचे, "थांब. वास घेऊ दे." की मागची सगळी पलटण जागच्या जागी उभी. बोलायचं नाही, खोकायचं नाही. मामा मान जरा तिरकी करून हुंगायचे आणि निकाल द्यायचे, "चला. कायबी नाय." नाहीतर, "व्हॉल्व्ह गळतोय. मास्क लावा."

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत आमची शिफ्ट एकच. मी पेणच्या रामवाडीहून कंपनीच्या बसनं यायचो. ते खांब गावाजवळच्या एका खेड्यातले, घरची भातशेती, भातानंतर वाल. त्यांचं नाव सांगत नाही. कंपनीत कोणी त्यांना नावानं हाक मारल्याचं मला आठवतही नाही. मॅनेजरसुद्धा मामाच म्हणायचा. गॅस ओळखणारी यंत्रं भिंतीवर होती की, पण आमचा भरवसा या नाकावर. आणि मामांना त्याचा तोरा किती! माझा डबा उघडायच्या आत सांगायचे, "सुकट हाय. आणि कांदा करपलाय, सांग घरी." मला राग यायचा, कारण कांदा खरंच करपलेला असायचा.

तुमच्याही कामावर असा एखादा असेल बघा, ज्याच्या जिवावर बाकीचे बिनघोर असतात.

मग मामांना ताप आला. परत आले ते जरा वाळलेले, पण हात वर करणं तेच, हुकूमही तोच. आम्हाला काय कळणार, कप्पाळ!

त्या हिवाळ्यात आम्ही शिफ्टवाल्यांनी बायकापोरांसकट रत्नागिरीची सहल काढली. किल्ला झाला, राजवाडा झाला, मग समुद्री जीवांचं संग्रहालय. मामा देवमाशाच्या सांगाड्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मामींना म्हणाले, "गो, याचं कालवण करायचं तर टोप कंचा काढशील?"

मामी म्हणाल्या, "तुमी आधी साफ करून द्या, मंग टोपाचं बघू."

हसत हसतच आम्ही पुढच्या खोलीत शिरलो. तिथे काचेच्या बरण्यांमधून मासे, समुद्रसाप, काय काय औषधी पाण्यात बुडवून ठेवलेलं. आत पाऊल टाकलं आणि असा उग्र भपकारा आला म्हणता! बायकांनी पदर नाकाला लावले, आम्ही रुमाल काढले, माझी मुलगी डोळे चोळायला लागली. मामा सगळ्यांच्या मागून आले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि एकदम ओरडले, "गॅस! भायेर! वाऱ्याला आडवे चला!"

मुलीला त्यांनी काखोटीला मारलं, मामींचं मनगट धरलं, दोन परक्या म्हाताऱ्यांनाही पुढे घातलं. आणि गंमत ऐका, आम्हीसुद्धा पळालो! इतक्या वर्षांची सवय. बाहेर येऊन रांगेत उभे, आणि मामा माडांच्या झावळ्यांकडे बघून वारा कुठला ते ठरवताहेत, माणसं मोजताहेत.

तिथला पहारेकरी धावत आला. "अहो काका, फॉर्मालिनचा वास आहे तो. मासे टिकावेत म्हणून घालतात."

मग काय विचारता. लोक पोट धरून हसले. "मामा, आज सुट्टी हाय तुमची!" मामाही हसले. मीही हसत होतो, आणि हसता हसता एकदम थबकलो. फॉर्मालिन? आमच्याकडे त्याची पिंपं यायची. गाडी फाटकाबाहेर असतानाच मामा सांगायचे, "फॉर्मालिन आलं."

ते दिसेनात म्हणून मी बसच्या मागे गेलो. मामा बामची डबी उघडून नाकाला लावून उभे होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी डबी आणखी दाबत होते.

"कधीपासून, मामा?"

"तापापास्न."

"मग रोज हात वर करून करता काय?"

"तुमची तोंडं बघतो," मामा म्हणाले. "कोनी नाक मुरडलं तर समजतो."

अहो, आम्ही तर त्यांच्या तोंडाकडे बघत होतो!

"कोनाला बोलू नको," मामांनी माझा दंड धरला. "येईल परत. नाय आला तर कामावरून काढतील रे मला."

मी बोललो नाही. पण ते दिवस कसे गेले, माझं मला ठाऊक. मामा हात वर करायचे आणि मी कुत्र्यासारखा हुंगत राहायचो. येतोय का? भास आहे का? घरी अन्न गोड लागेना. बायको म्हणाली, "कुणाचं भूत बघून आलात?" तिला काय सांगणार?

आणि एका सकाळी मला सर्दी झाली. नाक चोंदलेलं. त्यात प्लांटमध्ये आमच्यापुढे नेमका जुना पंप, अधूनमधून गळणारा. मामांनी हात वर केला. पलटण थांबली. त्यांनी वळून माझं तोंड पाहिलं. मी मान हलवली, मला काही कळत नाही म्हणून. मामांचा चेहरा असा पांढराफटक पडला की मला वाटलं, आता खाली बसतात. मागे शिफ्टमधली सगळी माणसं निवांत उभी होती, हुकमाची वाट बघत.

"मला वास येत नाय," मामा म्हणाले.

"म्हणजे कायबी नाय ना? चला," मागून कोणीतरी म्हणालं.

"चला नाय!" मामा ओरडले. आवाज फाटला त्यांचा. "मला कसलाच वास येत नाय. ताप आला तवापास्न. यंत्र बघा, माझ्याकडं बघू नका!"

आणि मास्क माझ्या हातात देऊन ते स्वतःच्या पायांनी ऑफिसात गेले. त्या दिवशी काहीही गळत नव्हतं. कंपनीनं त्यांना स्टोअरला बसा म्हटलं, पण ते बसले नाहीत. घरी गेले ते गेलेच.

मध्यंतरी त्यांच्या गावी जाऊन आलो. लेक बाळंतपणाला आली होती. नुकतीच न्हाऊ घातलेली नात मामांच्या मांडीवर. आपण सगळेच करतो तसं त्यांनी वाकून तिच्या टाळूला नाक लावलं आणि बराच वेळ तसेच राहिले. मग पोरीला माझ्यापुढे धरलं.

"तू बघ रे. कसा येतो?"

मी वाकलो. "दुधाचा येतो, मामा. तेलाचा. धुरीचा."

"आनि?"

"आणखी काय सांगू?"

"सांग," मामा म्हणाले. "लय भ्या वाटतं रे. मोठी झाली की हा वास जातो, आनि मी तो घेतलेलाच नसंल."